खाजनाकाठच्या गावाचा नकाशा देखणा कसा करावा

पंचायतीच्या भिंतीवरचे बरेच नकाशे मोजमापात बरोबर असतात, तरी त्यांच्यापुढे कोणी थांबत नाही. सगळ्या रेषा एका जाडीच्या, सगळी नावे एका मापाची आणि हिरवा रंग डोळ्यांत खुपणारा. बांधावरची मानस (पाणी अडवणारे-सोडणारे दार) नेमकी कुठे आहे हे शोधायला त्यात दहा मिनिटे लागत असतील, तर त्या कामापुरता तो नकाशा चुकलेलाच आहे. नकाशाचे देखणेपण क्रमात असते: तीन मीटरवरून काय दिसावे, एका मीटरवरून काय, आणि नाक कागदाला लावल्यावर काय. लांबून जमीन आणि पाण्याचा आकार कळायला हवा. थोडे जवळ आल्यावर रस्ते, वाडे (गावातल्या वस्त्या) आणि त्यांची नावे वाचता यायला हवीत. अगदी जवळून मानशी, पोंय (खाजनातला पाण्याचा ओहोळ), झरी आणि शेतांची नावे सापडायला हवीत. पुढचा प्रत्येक निर्णय, रेषेच्या जाडीपासून अक्षराच्या मापापर्यंत, या तीन अंतरांवर तपासायचा आहे.

इथे डोळ्यांपुढे आहे ते गोव्यातल्या मांडवी किंवा जुवारीच्या काठचे खाजनाचे, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीचे, गाव. एका बाजूला सडा (सपाट माथ्याचे पठार), उतारावर घरे आणि माड, खाली खाजन, त्यापलीकडे बांध, खारफुटी आणि नदी. काम क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत करता येते. हाताने करायचे असले तरी मोजमापाचा भाग तोच राहतो.

कागद, प्रमाण आणि ऋतू

ए२ कागद ५९४ × ४२० मिलिमीटरचा असतो. चारी बाजूंना २० मिमी कोरे सोडा. गाव पूर्व-पश्चिम ४ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ३ किलोमीटर असेल, तर १:१०,००० प्रमाणावर नकाशा ४० × ३० सेंटिमीटरचा होतो आणि शीर्षक-सूचीसाठी बाजूला १५ सेंटिमीटरची पट्टी उरते. गाव त्याहून मोठे असेल तर १:१२,५०० घ्या. प्रमाण वाढवून गाव कडेपर्यंत कोंबू नका. शेजारच्या गावाचा थोडा भाग दिसल्याशिवाय बघणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही.

१:१०,००० वर कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. तीन मीटर रुंदीचा बांध ०.३ मिमी, चार मीटरचा रस्ता ०.४ मिमी, साधारण घर १ मिमी. हे गणित पाठ असू द्या. काय खऱ्या मापात दिसेल आणि काय मुद्दाम मोठे करावे लागेल ते त्यावरूनच ठरते. बांध खऱ्या मापातच छान दिसतो. मानस मात्र जेमतेम काही मीटरची, म्हणजे कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. तिचे चिन्ह २.५ मिमीचे केल्यावाचून ती दिसणार नाही. तेवढे चिन्ह २५ मीटर जागा व्यापते, म्हणून त्याच्या आसपासची घरे किंवा नावे किंचित सरकवावी लागतात. चिन्हाचा मध्य मात्र खऱ्या जागेवरच ठेवा.

मग ऋतू ठरवा. हा निर्णय सहसा कोणी घेत नाही आणि रंग तिथेच फसतात. श्रावणात खाजन, सडा, माड, खारफुटी सगळेच हिरवे असते. तसेच रंगवले तर तीन चतुर्थांश कागद एका रंगाचा होतो. उन्हाळ्यातला घेतला तर खाजन मातकट आणि सडा तांबडा-करडा, त्यात भातशेतीची ओळखच हरवते. आमची पसंती ऑक्टोबरला: भात पिकत आलेले, सड्यावरचे गवत सोनेरी, माड आणि कुळागरे (सुपारीच्या बागा) गर्द. तीन गोष्टी तीन छटांत आपोआप वेगळ्या होतात. उपग्रहचित्रही त्याच सुमाराचे शोधा. सेंटिनेल-२ या उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रे मोफत मिळतात, पण जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे बहुतेक वाया जातात.

किनाराही असाच ठरवून घ्यावा लागतो. भरती-ओहोटीत आपल्याकडे सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि सपाट चिखलात तेवढ्याने काठ बराच सरकतो. ठळक रेषा भरतीच्या काठाची काढा. ओहोटीला उघडा पडणारा चिखल बारीक ठिपक्यांनी दाखवा.

माहिती कुठून

रस्ते आणि घरे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून घेता येतात. त्यांचा उल्लेख नकाशावर करणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डेटा घ्या. हद्दी आणि शेतांसाठी भूमापन खात्याचे १:१००० चे सर्व्हे प्लॅन. शेतांची नावे एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या) उताऱ्यावर मिळतात. ती तशीच न उतरवता गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांकडून तपासून घ्या, कारण उताऱ्यावर ती रोमी लिपीत असतात आणि देवनागरीत आणताना ‘ट’चा ‘त’ आणि ‘ण’चा ‘न’ सहज होतो.

बांध, मानशी आणि पोंय यांना मात्र पायी फिरण्यावाचून इलाज नाही. ओहोटीच्या वेळी बांधावरून चाला आणि फोनच्या जीपीएसने प्रत्येक मानस, प्रत्येक वळण, खांड पडून नव्याने बांधलेला भाग टिपा. उघड्यावर फोनची चूक सहसा ३ ते ५ मीटर, म्हणजे कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. माडांखाली ती वाढते, तिथे दोनदा नोंद घ्या.

सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा (ईपीएसजी ३२६४३). अंशांमधला डेटा तसाच ठेवला तर अंतरे चुकतात आणि डोंगराची छाया काळीकुट्ट, ओबडधोबड होते. ‘हिलशेड बिघडला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

उंचसखल

स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ (१८९५–१९८६) यांची छायांकनाची पद्धत जगभर आदर्श मानली जाते, पण ती आल्प्ससाठी घडलेली आहे. आपला सडा वर सपाट आणि कडेला तीव्र उताराचा. आल्प्सची छाया त्याला जशीच्या तशी लावली तर माथा कोरा राहतो आणि कडा मळकट दिसतात.

पहिली अडचण डेटाची. ३० मीटरचा एक चौकोन १:१०,००० वर ३ मिमीचा होतो आणि डोंगर फरशा लावल्यासारखा दिसतो. म्हणून आधी क्युबिक पद्धतीने १० मीटरवर आणा, मग हलका गॉसियन फिल्टर (कडा मऊ करणारा) लावा. दुसरी अडचण अशी की हा डेटा झाडांचे शेंडे मोजतो. त्यामुळे माडांच्या पट्ट्या खोट्या टेकड्यांसारख्या वर येतात. खाजनाच्या कडेला अशी लाट दिसली तर त्या पट्ट्यात छायाच पुसून टाका.

प्रकाश वायव्येकडून, ३१५ अंशांवरून, ४५ अंश उंचीवरून. तो आग्नेयेकडून टाकला तर बहुतेकांना दऱ्या टेकड्यांसारख्या आणि टेकड्या दऱ्यांसारख्या दिसतात. उंचीचा गुणक २ ते ३, मिश्रण मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारे), अपारदर्शकता ३० ते ३५ टक्के. पडद्यावर छाया थोडी फिकी वाटली तरी चालेल, छपाईत ती गडद होते.

समोच्च रेषा दर १० मीटरला ०.१ मिमी आणि दर ५० मीटरला ०.२ मिमी, तपकिरी. खाजनातून एकही समोच्च रेषा जात नाही, कारण ती जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खालीच असते. त्यामुळे गावाचा सर्वांत राबता, शतकानुशतके माणसाने घडवलेला भाग नकाशावर कोरा पडतो. तिथे उंचीऐवजी पाण्याची रचना बोलू द्या. बाहेरचा बांध, आतले बांध, पोंयीचे फाटे, शेतांच्या मेरा (शेतांमधले लहान बांध). मानशीचे दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. म्हणून तिचे चिन्ह बांधावर आडव्या दोन रेघा आणि नदीकडे टोक असलेला बाण असे करा. पाणी कुठून कुठे जाते हे सूची न बघताही कळते.

रेषा

जाडीच्या चारच पायऱ्या ठेवा: ०.१, ०.२, ०.३५ आणि ०.७ मिमी. दोन जाड्यांत दीडपटीपेक्षा कमी फरक असेल तर डोळा त्या एकच समजतो. मेरा ०.१, व्हाळ (ओढे) आणि पोंय ०.२ पासून खाली जाताना ०.३५ पर्यंत जाड होत गेलेले, बांध ०.३५, मुख्य रस्ता ०.७. हमरस्त्याला लाल करायचा मोह आवरा. खाजनाच्या नकाशात पहिला मान बांधाचा आहे. रस्ता पांढरा, करड्या बारीक कडांचा ठेवला की तो वाचता येतो आणि पुढेपुढेही करत नाही. फेरीबोटीचा मार्ग तुटक रेषेने, दोन्ही धक्क्यांपर्यंत पोचवून दाखवा. अर्ध्या नदीत संपलेला मार्ग अनेक नकाशांवर आढळतो.

रंग

इमहोफ यांचा एक नियम मात्र इथेही जसाच्या तसा लागू पडतो: क्षेत्र जितके मोठे तितका रंग मवाळ, तीव्र रंग फक्त लहान जागी. नदी मोठी आहे, म्हणून ती फिकी. गडद निळी केली तर लांबून फक्त नदीच दिसते आणि तिच्यातले नावही वाचता येत नाही. सुरुवातीला हे आकडे वापरून बघा (लाल, हिरवा, निळा या क्रमाने): कागद २५२, २४९, २४०, पाणी १७८, २०६, २१४, खाजन २२६, २१८, १६०, सडा २३२, २०८, १८२, माड आणि कुळागर १५८, १८४, १४२, खारफुटी ११०, १४२, ११८, घरे १५०, ८४, ६६, अक्षरे ४८, ४०, ३६. घरांचा तांबूस रंग सर्वांत तीव्र आहे, पण ती मिलिमीटरभराची, म्हणून वाडा लांबूनही ओळखू येतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर लागवडीची जमीन पिवळी असते. ती सवय असल्याने खाजनाला पिवळसर छटा पटकन समजते. पण मोरड आणि खेर या गोड्या पाण्यावरच्या जमिनींनाही तोच पिवळा दिला तर खाऱ्या पाण्याची आणि गोड्या पाण्याची शेती एक होऊन जाते. मोरडीला तीच छटा थोडी हिरवट करा, खाजनात बारीक आडव्या रेघांचा पोत द्या. खारफुटीचा गर्द पट्टा बांधाबाहेर आला की बांधाची रेषा आपोआप उठते. लाटांच्या माऱ्यापासून बांधाला तीच वाचवते, तेव्हा तिला हा ठसठशीतपणा शोभतोच.

क्यूजीआयएसच्या व्ह्यू मेनूत प्रिव्ह्यू मोड आहे. त्यात करड्या छटेत आणि लाल-हिरव्याचा भेद न दिसणाऱ्यांच्या दृष्टीने नकाशा बघा. करड्यात खाजन आणि सडा एक दिसत असतील, तर फोटोकॉपीतही एकच दिसतील. तेव्हा रंग बदलण्यापेक्षा पोत वाढवा.

अक्षरे

देखण्या नकाशाचा खरा कस इथे लागतो. नकाशातल्या अक्षरांचे बहुतेक जुने नियम रोमी लिपीसाठी घडले आहेत आणि देवनागरीत ते अडखळतात. तिथे मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरे लांब-लांब मांडून पसरवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि नाव सुट्या तुकड्यांचे दिसते. म्हणून अक्षरांतले अंतर शून्यच ठेवा. मोठ्या भागाचे नाव मोठ्या मापात पण फिक्या रंगात लिहा, किंवा दोन शब्दांचे असेल तर शब्दांत अंतर वाढवा. आपल्याकडे कॅपिटल अक्षरेही नाहीत, त्यामुळे मान दाखवायला माप, वजन आणि रंग ही तीनच साधने उरतात. गावाचे नाव ३६ पॉइंट, वाडे १६, व्हाळ-शेते १०.५. मधली मापे घेऊ नका.

१० पॉइंटखाली ठळक वजन टाळा. ‘द्ध’, ‘क्र’, ‘म्ह’ अशा जोडाक्षरांतली पोकळी भरून येते आणि नाव काळा ठिपका होते. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या टाइपांचे रेग्युलर वजन बारीक मापात स्वच्छ राहते. गावाच्या नावाला आणि शीर्षकाला तिरो देवनागरी मराठीसारखा जाड-बारीक वळणांचा टाइप खुलतो. दोनापेक्षा जास्त टाइप नकोत. पाण्याची नावे तिरकी करण्याची रोमी पद्धतही सोडा. तिरपी केलेली देवनागरी बहुधा कलंडलेली दिसते. त्याऐवजी गडद निळा रंग द्या.

आता शिरोरेषेचा त्रास. साडेदहा पॉइंटच्या नावाची शिरोरेषा साधारण ०.३ ते ०.४ मिमी जाड असते, म्हणजे जवळजवळ बांधाच्या रेषेएवढी. नाव बांधाला समांतर आणि चिकटून लिहिले की दुहेरी बांध असल्याचा भास होतो. शिरोरेषेचे टोक बांधाला टेकले तर बांधाला फाटा फुटल्यासारखे दिसते. दोन उपाय आहेत: नाव आणि रेषेत किमान १.५ मिमी अंतर, आणि दोघांचे रंग वेगळे. बांध गडद तपकिरी, नाव काळपट. नावाभोवती ०.४ मिमीची, त्या-त्या जमिनीच्याच रंगाची कडा द्या. पांढरी कडा खाजनात ठिगळासारखी दिसते.

नदीचे नाव प्रवाहाच्या वळणाने लिहायचे असेल तर वळण संथ निवडा. वक्राची त्रिज्या अक्षराच्या उंचीच्या दहापट तरी हवी, नाहीतर शिरोरेषेला प्रत्येक अक्षरावर टोक येते. वळणदार लेबलांत वेलांटी आणि रफार जागेवर आहेत का ते एकेक नाव वाचून तपासा. क्यूजीआयएसच्या जुन्या आवृत्त्यांत ते हमखास सुटे व्हायचे. नदी लांब असेल तर नाव ताणण्यापेक्षा दोनदा लिहा.

आपोआप मांडलेली नावे हा फक्त कच्चा मसुदा समजा. वाड्यांची सगळी नावे हाताने हलवा. नाव ज्या वाड्याचे त्याच्यावरच पडावे, रस्त्यापलीकडे जाऊ नये आणि घरांचा पुंजका झाकू नये. या कामाला बाकी सगळ्या नकाशाएवढा वेळ लागतो आणि तो द्यावाच. नाव चुकीच्या वाड्यावर बसले तर बांधाची अचूकता कोणी बघायलाही थांबणार नाही. देऊळ, चर्च, मशीद, खुरीस (क्रूस) यांची चिन्हे एका उंचीची, एका रंगाची ठेवा.

सजावट

१५९६ साली डच प्रवासी लिन्सखोतेन यांच्या प्रवासग्रंथाबरोबर गोवा शहराचा मोठा कोरीव नकाशा छापला गेला. त्या काळचे नकाशे चिन्हपट्ट्या, जहाजे, होकायंत्राची फुले यांनी सजलेले असत. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सजावट माहितीच्या अंगावर चढत नाही, मोकळ्या जागेत बसते. आपल्या नकाशात अशी जागा नदीत किंवा बाजूच्या पट्टीत मिळते. उत्तरदर्शक १२ मिमीचा पुरे. चौकटीला एखादी नक्षी हवी असेल तर गावातल्याच देवळाच्या कावी चित्रांतली एक वेल तांबड्या मातीच्या रंगात, ८ मिमी रुंदीत घ्या. बाजारातल्या तयार चौकटी त्या गावाच्या नसतात आणि ते लगेच जाणवते.

पट्टीत गोव्याच्या १२ तालुक्यांचा छोटा नकाशा देऊन गावाची जागा दाखवा. संपूर्ण भारत दाखवायचाच असेल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या अधिकृत नकाशाप्रमाणेच हवी. परदेशी संकेतस्थळांवरून उचललेली आकृती तिथे चालत नाही. प्रमाण आकड्यात लिहिले तरी रेषेचे प्रमाणही द्या. छपाईत किंवा फोटोकॉपीत कागद लहान-मोठा झाला तरी ती रेषा त्याच प्रमाणात बदलते आणि खरी राहते.

हाताने काढताना

हिलशेडसह कच्चा नकाशा खऱ्या मापात छापून प्रकाशमेजावर ठेवा. वर ३०० ग्रॅमचा कागद टाकला तर खालचे अस्पष्ट दिसते, म्हणून आधी ट्रेसिंग फिल्मवर उतरवा आणि मग कागदावर घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. पेन्सिलीने सगळी नावे आधी, मग नदी, बांध, रस्ते, घरे शाईने, मग नावे शाईने आणि पोत सगळ्यांत शेवटी. पोत आधी भरला तर नावाला जागा उरत नाही आणि खोडता येत नाही. जलरंग द्यायचे असतील तर शाई पाण्यात न विरघळणारी घ्या आणि रात्रभर वाळू द्या.

नदीच्या काठाला समांतर रेघा काढणे ही जुनी पद्धत हाताच्या नकाशाला अप्रतिम शोभते. काठापासून पहिली ०.३ मिमीवर, मग प्रत्येक अंतर वाढवत ०.५, ०.८, १.२. चार रेघांनंतर थांबा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, म्हणून अंतिम प्रत नोव्हेंबरनंतर काढा. निदान एकच कागद जूनमध्ये सुरू करून जानेवारीत पुरा करू नका.

छपाई आणि तपासणी

पीडीएफ काढताना अक्षरे आकृतिरूपात निर्यात करा, नाहीतर छापखान्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. मल्टिप्लाय फक्त छायेच्या थरावर ठेवा आणि नावे सगळ्यांत वर. ३०० डीपीआय पुरेसे आहे. पूर्ण छपाईआधी सड्याची कडा, खाजन आणि एक वाडा येईल असा ए४ तुकडा खऱ्या मापात छापून घ्या. हिरवे रंग कागदावर मळतात, ते तिथेच कळते. लॅमिनेशन मॅट हवे. चकचकीत लॅमिनेशनवर पंचायतीच्या ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि मधला भाग वाचताच येत नाही. फ्रेम भिंतीपासून दोन सेंटिमीटर सुटी लावा, म्हणजे पावसाळ्यात मागे बुरशी धरणार नाही.

कोपऱ्यात महिना आणि वर्ष, प्रक्षेपण, माहितीचे उगम आणि किनारा भरतीचा असल्याची नोंद द्या. मग अंतिम प्रतीऐवजी साधी छापील प्रत महिनाभर पंचायतीत लावा, शेजारी दोरीने पेन्सिल बांधून. बांधावर काम करणारे, फेरीबोटीवरचे, वाड्यातल्या वयस्कर बायका यांना मुद्दाम बोलवा. नाव कुठे चुकले आणि कोणती मानस दोन वर्षांपूर्वीच बुजली ते त्या कागदावर लिहून येते. त्या खुणा घेऊन बांधावर पुन्हा एक फेरी मारा आणि मगच फ्रेमची प्रत छापायला द्या.